कारभारींना आलेला ताप

उद्या सकाळी कांदाचाळीची तपासणी आहे, असा कृषी सहायक हर्षाली मॅडमचा फोन आला, तेव्हा येवल्याजवळच्या कारभारींच्या मळ्यात सगळं तयार होतं. कांदा साठवायची चाळ उभी होती, बिलं जोडलेली होती, पाटीसुद्धा लागली होती. नव्हत्या फक्त त्यांच्या पत्नी, लंकाबाई. आणि अनुदानाचा अर्ज नेमका त्यांच्याच नावावर मंजूर झाला होता.

"चाळीसमोर मावशींचा फोटो लागेल हां, काका," मॅडम म्हणाल्या. "मार्चएंड आहे. उद्या राहिलं तर माझ्या हातात काही नाही. आणि पाटीवर नाव मावशींचंच आहे ना?"

"हाय की!" म्हणून कारभारींनी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन पाटीकडे बघत उभे राहिले. लाल ऑइलपेंटमध्ये, दोन मोरांच्या मधोमध लिहिलं होतं : 'श्री. कारभारी यांची कांदाचाळ'.

लंकाबाईंनी ती पाटी एकदाच वाचली होती. चाळीच्या पायाला भर उन्हात पाणी मारलं ते त्यांनी, गवंड्यांना भाकऱ्या घातल्या त्याही त्यांनीच. तरी त्या भांडल्या नाहीत. "महेशकडं द्राक्षं खुडायला माणूस लागतंय," एवढंच बोलल्या आणि पिशवी भरून एसटीनं दिंडोरीला, भावाकडे निघून गेल्या.

कारभारींनी त्यांना फोन लावला. उचलला महेशनं.

"आक्का बागेत हाय, दाजी. काय निरोप देऊ?"

फोटोसाठी ये म्हणावं, तर ती जन्मात यायची नाही. चुकलं म्हणावं, तर ते मेहुण्यापाशी कसं म्हणायचं? कारभारींच्या तोंडून भलतंच निघालं.

"मला जरा ताप हाय, म्हणावं."

"लय हाय का?"

"हाय बरा."

"बरं हाय, का ताप हाय?"

"ताप हाय रे!" कारभारी असे ओरडले की ताप डोक्यात गेला, अशी महेशची खात्रीच पटली.

सकाळी कारभारी शिडीवर चढले. जुन्या अक्षरांवर पांढरा हात मारून त्यांनी स्वतः ब्रश धरला. पण मनातली भीती अक्षरांत उतरली आणि अक्षरं भोपळ्याएवढी झाली. 'सौ. लंकाबाई' इथंच पाटी संपली. कारभारींना जागाच उरली नाही.

तेवढ्यात महेशची पिकअप धुरळा उडवत आली. पुढं लंकाबाई, मागं महेशची बायको, त्याच्या दोन मामी, शहाळी आणि ग्लुकोजचा पुडा. त्यांच्या मागोमाग मॅडमची स्कूटी. सगळ्यांनी वर पाहिलं. शिडीवर ठणठणीत कारभारी, नाकाला लाल रंग.

"दाजी, ताप?" महेशनं विचारलं.

लंकाबाईंनी पाटी वाचली. मग पुढं होऊन म्हणाल्या, "उतरा खाली." कारभारी उतरले. लंकाबाईंनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ माठासारखं गार होतं.

"अगं बया, भट्टी पेटलीय नुसती!" लंकाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "तापातच चढले जणू वर. चला, अंथरुणात पडा आधी."

कारभारींची अब्रू वाचली. पण मग दोन्ही मामींनी मिळून त्यांना मार्चच्या उकाड्यात गोधडीखाली घातलं.

बाहेर फोटो निघत होते. "मावशी, अजून थोडं हसा. काकांना बोलवायचं का एका फोटोत?"

"नको, मॅडम. त्यांना लय ताप हाय."

मॅडम गेल्यावर लंकाबाई काढ्याचा पेला घेऊन आत आल्या. तो संपेपर्यंत खाटेच्या कडेला बसून राहिल्या.

"पाटी कुणी रंगवली?"

"मी." कारभारी घामानं निथळत होते. "चुकलंच माझं, लंका."

"आता बी चुकलीच. नुसतं लंकाबाई म्हणजे कोणाची कोण, लोकांना काय कळतंय? खाली बारीक अक्षरात तुमचं बी लिवा."

कारभारींनी आनंदानं गोधडी झुगारली. "आत्ताच लिवतो!"

लंकाबाईंनी ती परत गळ्यापर्यंत ओढली. "गप पडा. मामी संध्याकाळपर्यंत हायेत."