एकतीस नंबरचं पुस्तक

"रविवारी अकराच्या आत पलंग रिकामा! शब्द म्हणजे शब्द!" असं त्याने सोमवारी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा पलंगावर साठ पुस्तकं होती. बुधवारी ती चौसष्ट झाली.

पलंग हवा होता रविवारी गावाहून येणाऱ्या त्याच्या बाबांसाठी. त्यांचे गुडघे डॉक्टरांना दाखवायचे होते, आणि त्यांना जमिनीवर बसता येत नव्हतं. घरात जास्तीचा पलंग एकच, आणि त्यावर दोन वर्षं पुस्तकं झोपलेली!

दिवसभर तो पाणीपुरवठा कार्यालयात लोकांच्या तक्रारी नोंदवून घ्यायचा आणि हौस म्हणून एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहायचा. हौस केव्हाच संपली होती. आता ते दुसरं ऑफिस झालं होतं आणि तिथे रजाही मिळत नव्हती.

त्याची स्वतःची एक पद्धत होती. लेखकाचं नाव कळलं की मन झुकतं, म्हणून आलेल्या प्रत्येक पुस्तकाला बायको वर्तमानपत्राचं कव्हर घालायची, नावाची पानं टाचून टाकायची, वर आकडा चिकटवायची. कोणता आकडा म्हणजे कोणतं पुस्तक, ते वहीत. परीक्षण लिहून झाल्यावरच वही उघडायची! या निःपक्षपातीपणाचा त्याला फार अभिमान होता. बायकोला कंटाळा होता.

गुरुवारी एकतीस नंबरची पाळी आली आणि एकतीस नंबर सापडेना! त्याने अख्खा ढीग उपसला. तळाशी एक कव्हर घातलेलं, पण आकडा नसलेलं पुस्तक मिळालं.

"आकडा गळून पडला वाटतं," असं पुटपुटत त्याने स्वतःच त्यावर एकतीस चिकटवला.

आत पहिलं पान कोरं होतं. पुढे टेलिफोनच्या खांबांवर चढणारा एक लाइनमन. अकरा पानं झाल्यावर त्याला झोप लागली आणि उठल्यावर मत तयार होतं. त्याने 'चढ आणि उतर' असं शीर्षक देऊन लिहिलं, "नायक खांबावर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. लेखकाला खांबाखेरीज जगात काहीही दिसलेलं नाही." मग वही उघडून एकतीस नंबरच्या पुढचं नाव उतरवलं आणि पाठवून दिलं.

रविवारी सकाळी दोघं ढीग भिंतीकडे हलवत होती. बायकोने झाडायला पलंग सरकवला आणि ती वाकलीच.

"अहो, हे काय?"

पलंगाच्या आखूड पायाखाली एक पुस्तक होतं. कव्हर, टाचण्या, आकडा, सगळं जागच्या जागी. एकतीस!

"ते तिथे कोणी ठेवलं?"

"तुम्हीच! पलंग डुगडुगतो म्हणून!"

तेवढ्यात फोन वाजला. पुरवणीच्या संपादकबाई होत्या.

"अहो, लेखिका रडतेय माझ्यासमोर! तिची कादंबरी दोन बहिणींवर आहे. त्यात एकही खांब नाही म्हणते!"

"पुढच्या रविवारी खुलासा देतो, बाई," तो थकून म्हणाला आणि मटकन पलंगावर बसला. फोन ठेवून बघतो तर बायको ते दुसरं, खांबांचं पुस्तक चाळत उभी. तिचा चेहरा उतरला होता.

"अहो, हे बाबांनी लिहिलंय. मागे तुमच्या ताईंनी गावाहून पिशवीतून आणून दिलं नव्हतं का? तुम्ही वाचत होतात, नुसतं 'हं' म्हणालात."

पुस्तकांना कव्हरं घालायची सवय मुळात बाबांचीच. तीन महिने बाबा फोनवर विचारत होते, "वाचतोयस ना?" आणि हा सांगत होता, "हो बाबा, वाचतोच आहे."

"खांबावर चढणारा माणूस वाचून तुम्हाला कोणीच आठवलं नाही?" बायकोने विचारलं.

दारावरची बेल वाजली.

बाबा आत आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पुरवणी! पलंगावर टेकले आणि त्यांनी पुरवणी उलगडली. याला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

"वर कुणा बाईचं नाव पडलंय. छापणाऱ्यांचा घोटाळा असेल," बाबा म्हणाले. "पण तू बरोबर ओळखलंस हो! बत्तीस वर्षं मला खांबाखेरीज दुसरं दिसलंच कुठे? पहिलं पान तुझ्यासाठीच कोरं सोडलं होतं. म्हटलं, नाव मुलगा देईल. 'चढ आणि उतर'. झकास आहे!"

त्याने बाबांच्या पाठीशी उशी सरकवली.

"फक्त एक," बाबा हळूच म्हणाले, "शेवटचं प्रकरण तुझ्यावर आहे. त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस?"

"ते... घरातलं, बाबा. पेपरात कशाला?"

"तेही खरंच," म्हणून बाबा समाधानाने आडवे झाले आणि प्रवासाच्या शिणाने लगेच घोरू लागले.

तो चौसष्ट पुस्तकांना पाठ टेकून जमिनीवर बसला. चष्मा पुसला, बारावं पान उघडलं. अक्षरं जरा ओली दिसत होती.

"आधी परीक्षण आणि मग वाचन!" बायको कुजबुजली. "असं पहिल्यांदाच घडलं असेल ना?"

"या वर्षात सहाव्यांदा," तो म्हणाला. "पण वाचतोय मात्र पहिल्यांदाच."