काना गावचे रांजण आणि भीमराज सरांचा ड्रम

पंगत बसायला आणि पाणी लाल व्हायला एकच गाठ पडली. वाढणाऱ्या बाईने निळ्या ड्रममध्ये जग बुडवला, वर काढला आणि "अवं माय!" म्हणून तिथेच टाकून दिला. पहिल्या पंगतीसमोर लालभडक ओघळ पसरला आणि लोक ताटं उचलून उभे राहिले.

लग्न पास्टर जीवन यांच्या मुलीचं, दीपमालाचं. घाटंजीजवळच्या त्या गावात चर्च लहान, पण आवार मोठं. तिथेच मांडव होता. आणि नुकताच, लग्नविधीत, पास्टरांनी काना गावच्या लग्नाचा उतारा वाचला होता. ऐन मेजवानीत द्राक्षारस संपतो, येशू दगडी रांजणांत पाणी भरायला सांगतो आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो. उतारा सगळ्यांच्या कानात ताजा होता, आणि आता डोळ्यांपुढे हे!

"पास्टर," कोणीतरी कापऱ्या आवाजात म्हणालं, "काना झालं नं जी!"

सगळ्यांच्या माना आधी ड्रमकडे वळल्या आणि मग भीमराज सरांकडे. याला दोन कारणं होती. एक म्हणजे पाण्याची व्यवस्था सरांकडे होती, ड्रमसुद्धा त्यांच्याच घरचा होता. दुसरं म्हणजे चमत्कार म्हटला की भीमराज सर उठणार, हे त्या मंडळीत ठरलेलंच होतं. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. आजोबांपासून घराणं ख्रिस्ती, रविवार कधी चुकायचा नाही. पण उपदेश संपला की सर उभे राहून शर्ट खाली ओढायचे आणि चमत्काराचं नैसर्गिक कारण सांगायचे. तांबडा समुद्र दुभंगला? पूर्वेचा जोराचा वारा. येशू पाण्यावरून चालला? किनाऱ्याजवळचा उथळ वाळूचा पट्टा, वरून धुकं. लाजर मेलेला उठला? गाढ बेशुद्धी, त्या काळी नाडी पाहणारं कोण होतं?

पास्टर जीवन कधी चिडायचे नाहीत. "वारं आलं हे तुमचं, सर," ते म्हणायचे. "नेमकं त्याच वक्ताले कोनं धाडलं, हे आमचं." मग दोघं एकाच गाडीवरून घरी जायचे.

आज मात्र सरांना लगेच उठता आलं नाही, कारण त्यांच्याआधी फकिरा उठला. फकिरा गावातला नामांकित पिणारा. लग्नाच्या घरी आपला हक्क आहे अशा थाटात तो पुढे आला, पेला भरला आणि घटकन अर्धा प्यायला. त्याचे डोळे मोठे झाले. जीभ बाहेर आली. अंगाला एक झटका बसला.

"कसं हाये बे?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"जोरदार!" फकिरा म्हणाला. "जीभ पोळली ना बाप्पा! असा कडक माल अख्ख्या तालुक्यात नाई!" आणि सवयीप्रमाणे तो झुलायलाही लागला.

बातमी मांडवाबाहेर पडेपर्यंत तिचं रूप बदललं होतं. पास्टरच्या लग्नात ड्रमनं दारू वाटून राह्यले, एवढीच ती उरली. नवरदेवाकडची मंडळी राळेगावची. नवरदेवाचे वडील श्रावणभाऊ यांनी आयुष्यात सुपारीसुद्धा तोंडात टाकली नव्हती. त्यांनी फेट्याचं टोक झटकलं.

"पास्टर, तुमच्या घरी हे चालते, हे आमाले सोयरीक जुळवताना काहून नाई सांगतलं? पोराले घेऊन आमी आत्ताच निंगतो."

दीपमालाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून सत्यभामाबाई आल्या. सत्यभामाबाई म्हणजे दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या मागे दहाबारा बाया आणि प्रत्येकीच्या हातात काठी. या बायांनी आजवर किती हातभट्ट्या फोडल्या होत्या, हे फकिराला चांगलं ठाऊक होतं. त्यांना पाहताच त्याची झिंग उतरली आणि तो सरळ उभा राहिला.

"कुठं हाये तो ड्रम?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "लग्न असो का मर्तिक, आमी पाह्यणार नाई. फोडणार!"

"बाई, थांबा," भीमराज सर अखेर पुढे झाले. त्यांनी शर्ट खाली ओढला. एवढे लोक शाळेच्या झेंडावंदनालाही जमत नसत. सरांची छाती आपोआप रुंद झाली. "कोणी घाबरू नका. पाण्याची दारू होत नसते. काना गावातबी नाई झाली. मी सांगतो काय झालं असंल ते. रांजण जुने. आधी त्यात द्राक्षारसच ठेवत असतील. तळाशी गाळ वाळून बसला असंल. वरून पाणी टाकलं, गाळ सुटला, रंग आला. विषय संपला!"

लोकांनी माना डोलावल्या. सरांनी अभिमानाने बायकोकडे पाहिलं. संगीताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"रांजणाचं समजलं," त्या म्हणाल्या. "मंग आपल्या ड्रमच्या तळाले काय होतं जी?"

आपल्या ड्रमच्या तळाला काय होतं, ते सरांना त्या क्षणी लख्ख आठवलं. चुना. घराच्या भिंतींना द्यायला त्यांनी याच ड्रममध्ये चुना भिजवला होता. काल संगीताबाईंनी "घासून धुवा" असं सांगितलं होतं, आणि सरांनी एक बादली पाणी फिरवून "धुतला" म्हणून सांगितलं होतं. शिवाय टँकरचं पाणी गाळायला त्यांनी ड्रमच्या तोंडावर जे पिवळं फडकं बांधलं, ते आदल्या रात्रीच्या हळदीतलं होतं. हळद आणि चुना! हळद चुन्याने लाल होते, हा प्रयोग ते दरवर्षी वर्गात करून दाखवत. हाताच्या तळव्यावर करायचा प्रयोग त्यांनी दोनशे लिटरमध्ये केला होता.

"बोला नं सर," पास्टर म्हणाले.

सरांनी घसा साफ केला. समोर बायांच्या काठ्या, बाजूला श्रावणभाऊंचा फेटा, मागे संगीताबाई. आणि मग जे घडलं, तसं त्या चर्चच्या आवारात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"आता, काय हाये," सर हळू आवाजात म्हणाले, "चमत्कार... असूबी शकते."

"काय?" पास्टर दचकले. "सर, तब्येत बरी हाये नं? ऊन तं नाई लागलं?"

"नाई, म्हणजे विज्ञानालेबी मर्यादा असते..."

पास्टर जीवन यांनी पेला हातात घेतला, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "नाई," ते ठामपणे म्हणाले. "माह्या लेकीच्या लग्नात चमत्कार झाला असता तं मले कोण आनंद झाला असता. पण मी प्रभूले ओळखतो. तो लोकाईच्या जिभा पोळत नाई. त्याच्या हातचं असं कडू-तुरट, फसकं काम नसते. ह्याले कारण हाये, आणि ते इथंच कुठं तरी हाये."

अशा रीतीने पास्टर नैसर्गिक कारण शोधू लागले आणि विज्ञानाचे शिक्षक चमत्काराला धरून बसले. पण खरी पंचाईत पुढेच होती. दवाखान्यातून निवृत्त झालेला पिंटू कंपाउंडर गर्दीतून वाट काढत आला. आपल्यालाही शास्त्र कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

"हे लोखंड हाये," पिंटूने जाहीर केलं. "बोअरच्या पाण्यात लोखंड असते. ताकदीचं पाणी! प्यालं तं रक्त वाढते, डोळ्यात घातलं तं नजर येते."

सरांच्या कपाळाची शीर उडाली. चमत्कार म्हटलेलं त्यांनी सहन केलं असतं; पण लोखंड? टँकरच्या पाण्याला बोअर म्हणतो, आणि वर लोखंड? त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात तांड्यावरची म्हातारी सोनीबाई काठी टेकत पुढे आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पास्टरांच्या घरी ती वर्षानुवर्षं ज्वारी पाखडायला यायची, म्हणून लग्नाला आली होती.

"देवाचं रव्हो का लोखंडाचं," ती म्हणाली, "मले दोन थेंब द्या बापू. नातवाचं तोंड पाह्यलं नाई मी अजून." आणि तिने पेल्यात बोटं बुडवून डोळ्यांकडे नेली.

"थांबा!"

सरांनी झेप घेऊन सोनीबाईचा हात धरला. पेला उडाला तो थेट पिंटूच्या पांढऱ्या शर्टावर.

"चुना हाये तो! डोळा जाईन म्हातारे!" सर ओरडले. मग पिंटूकडे वळले. "आणि लोखंड कायले म्हणून राह्यला बे? लोखंडाचं पाणी असं असते काय? आणा, लिंबू आणा कोणी!"

स्वयंपाकघरातून लिंबं आली. सरांनी काचेच्या पेल्यात लाल पाणी घेतलं आणि तो उंच धरला. लिंबू पिळलं. लाल रंग थरथरला, फिकटला आणि पाहता पाहता सगळा पेला पिवळाधम्मक झाला. मांडवातून "आहाऽ" असा आवाज उठला. लहानांनी टाळ्या पिटल्या, मोठ्यांनीही. सत्यभामाबाईंनी काठी काखेत धरून हात जोडले.

"ही हळद," सर म्हणाले. आवाजात झेंडावंदनाचा कडकपणा होता. "चुन्यानं लाल, लिंबानं पिवळी. दारू नाई, लोखंड नाई, काई नाई!"

"लय हुशार हा सर तुमी," सत्यभामाबाई कौतुकाने म्हणाल्या. "पण ड्रममधी चुना कोनं टाकला?"

सरांचा पेला अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला.

"मी," ते म्हणाले. "ड्रम नीट धुतला नाई. फडकंबी मीच बांधलं. चूक माही हाये. पास्टरची नाई, पोरीची तं नाईच नाई. श्रावणभाऊ, राग काढायचा तं माह्यावर काढा."

मग श्रावणभाऊंचं पोट हलू लागलं. "म्हणजे सर," ते म्हणाले, "आजवर एकेकाले चुना लावणारे पाह्यले. तुमी तं अख्ख्या वऱ्हाडाले लावला!" आणि ते असे हसले की फेटा सुटून खांद्यावर आला. मांडव हसला, दीपमाला रडता रडता हसली. फकिरा तेवढा हिरमुसला; फुकट झुललो, असं त्याला वाटलं. त्याला चार पेले ताक पाजलं, तेव्हा कुठे त्याची जीभ ताळ्यावर आली.

आता प्यायला पाणी नव्हतं आणि ऊन तर मी म्हणत होतं. सत्यभामाबाईंनी आपल्या बायांकडे पाहिलं. काठ्या चर्चच्या भिंतीला टेकवून बाया वस्तीवर गेल्या आणि डोक्यावर हंडे-गुंड घेऊन आल्या. फोडायला आलेल्या बायांनी पंगतीला पाणी वाढलं. पास्टरांनी सरांकडे मिश्कीलपणे पाहिलं. सरांनी मान खाली घालून वरण-भात कालवला.

एवढ्यावर भागलं नाही. लग्नानंतर दोन-चार दिवसांनी सोनीबाई सरांच्या दारात उभी राहिली. हातात लिंबू होतं. "तुमी लाल पाण्याचं पिवळं करता, बापू. माह्या डोळ्याचं काई करा."

सरांनी तिला ओसरीवर बसवून सगळं समजावलं. आम्ल, अल्कली, हळदीतला रंग, डोळ्याचं भिंग, मोतीबिंदू. फळाच नव्हता, म्हणून त्यांनी खडूने फरशीवर डोळा काढला. सोनीबाई हात जोडून ऐकत होती. सर थांबले तेव्हा ती म्हणाली, "मंत्र तं लय बरोबर म्हणले. आता पाणी द्या."

आतून संगीताबाईंच्या हसण्याचा आवाज आला. सर उठले, मोटारसायकल काढली आणि सोनीबाईला आपल्यामागे बसवून नेत्र शिबिरात घेऊन गेले. सोबतीला दुसऱ्या गाडीवर पास्टर जीवन निघाले. वाटेत त्यांनी प्रार्थना केली. सरांनी पेट्रोल भरलं. नाव घालायला रांगेत दोघंही उभे राहिले.

पट्टी निघाली त्या दिवशी दोघं सोनीबाईच्या पुढ्यात होते. डोळ्याची उघडझाप करत तिने आधी नातवाला पाहिलं. त्याचे गाल दाबले, कान चाचपले, पोटभर रडली. मग तिने सरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सर शर्ट खाली ओढून ताठ उभे राहिले.

"तुमीच का ते भीमराज सर?"

"हो, याडी," सर तिच्याच बोलीत तिला आई म्हणाले.

"अगाई!" सोनीबाई म्हणाली. "आवाजावरून तं मले लय देखणे वाटले होते."

पास्टर जीवन खिडकीकडे तोंड करून हसले. प्रभूची कृपा, ते म्हणाले. भीमराज सर मात्र त्या वाक्याने जराही हिरमुसले नाहीत. शस्त्रक्रिया उत्तम झाली याचा याहून भक्कम पुरावा दुसरा नाही, असं ते आजही कोणालाही छाती पुढे काढून सांगतात.