दोन बोटांची फट

या गोष्टीतल्या गृहस्थांना त्यांच्या खात्यात सगळे मिलिमीटरराव म्हणत. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्यांनी नकाशे काढले. कुठल्या गल्लीखालून किती जाडीचा पाइप जातो, कुठे वळतो, किती उतारानं उतरतो, हे त्यांना स्वतःच्या मुलीच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ होतं. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, झाडंबिडं लावतात. मिलिमीटररावांनी घर मोजायला घेतलं. शर्टाच्या खिशात मोजपट्टीचा टेप कायमचा. (सहा कपांपैकी दोन कपांचे कान बाकीच्यांपेक्षा तीन मिलिमीटर खाली आहेत, हा शोध त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात लावला. बायकोनं तो शांतपणे ऐकला आणि सहाही कप विसळायला त्यांच्याच हातात दिले.)

अशा रिकाम्या हातांत जावयानं एक मशीन आणून ठेवलं.

जावई मुलगा भला. बोलणं मऊ, चालणं मऊ. पण त्याला नाद लागला होता आभासी नाणी खणण्याचा.

"खणता म्हणजे कुठे?" मिलिमीटररावांनी विचारलं होतं.

"इंटरनेटवर, बाबा. हे मशीन दिवसभर गणितं सोडवतं, मग नाणं मिळतं."

"दिसतं का ते?"

"नाही."

"मग एवढा आवाज कशाचा येतो?"

आवाज मात्र खरा होता. ॲल्युमिनियमच्या उघड्या सांगाड्यात सहा ग्राफिक कार्डं ओळीनं टांगलेली, प्रत्येकाला तीन-तीन पंखे, खाली वायरींचा गुंता. मिक्सर चालू ठेवून घरातली माणसं गावाला निघून गेली असावीत, तसं ते दिवसभर घुर्रर्र करायचं. जावयाच्या दोन खोल्यांच्या घरात सहा महिन्यांच्या नातीचा डोळा लागेना. म्हणून ते इकडे आलं, मागच्या खोलीत. आता इकडे आजी-आजोबांचा डोळा लागेना, पण नातीपुढे तक्रार कोण करणार?

तेवढ्यात बायकोच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बायको आठवडाभरासाठी तिकडे जायला निघाली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "अहो, मी येईपर्यंत त्या मशीनच्या आवाजाचं काहीतरी करा."

काहीतरी करा! निवृत्त झाल्यापासून इतकं मोकळं काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बायको रिक्षात बसायच्या आत यांनी टेबलावर कागद पसरला होता.

दोन दिवस नुसतं मोजमाप चाललं. मग तीन रंगांत नकाशा उतरला: वरून, समोरून आणि मधून कापून. खाली उजव्या कोपऱ्यात रीतसर चौकट, तीत लिहिलं, "प्रकल्प: जावई. कामाचे नाव: यंत्रास पेटी." जावई संध्याकाळी डोकावला तेव्हा त्याला उभं करून तो समजावण्यात आला.

"बाबा, अशी पेटी तयार मिळते बाजारात," तो जरा बिचकत म्हणाला.

"तयार पेटी सगळ्यांसाठी असते. म्हणजे कुणासाठीच नसते."

"नाही, चांगलंच आहे. फक्त... गरम हवा बाहेर जायची वाट वर लागेल ना? तुम्ही ती खाली दाखवलीय."

मिलिमीटरराव हसले. ते हसू जाणत्याचं होतं, आणि त्याची आठवण आजही त्यांना झोपू देत नाही. "हे बघा, जावईबापू. आत यायची वाट वर, बाहेर जायची वाट खाली. आमच्या खात्यात चौतीस वर्षांत पंपाशिवाय काहीही खालून वर गेलेलं नाही. फाइलसुद्धा नाही."

"पण ही हवा आहे, बाबा."

"प्रवाह तो प्रवाह. उतार दिला की वाहतो."

(गरम हवा वर जाते, हे ते शाळेत शिकले होते. पण शाळा चार भिंतींत आणि खातं अख्ख्या शहरात. पारडं खात्याचं जड झालं.) जावयानं मान डोलावली. सासऱ्याशी वाद घालणाऱ्यांतला तो नव्हता.

आता पेटीला लाकूड हवं. इथे ते चुकले, आणि ही चूक नुसती अंकगणिताची नव्हती. मागच्या खोलीतच एक कपाट होतं. आतल्या मापात पाहिलं तर मशीन बरोबर बसत होतं. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मिलिमीटर मोकळे. इतकं जुळलेलं माप दिसलं की ड्राफ्ट्समनचा तोल जातो. आत काय, तर चादरी आणि जुन्या रजया. त्या पलंगावर ठेवता येत होत्या.

पण ते कपाट मिलिमीटररावांच्या सासऱ्यांनी केलेलं होतं.

सासरे सुतार. लेकीच्या लग्नासाठी दिवसभराचं काम आटोपून रोज संध्याकाळी, असं तीन महिने खपून त्यांनी ते सागवानी कपाट केलं. त्यात खिळा नाही, स्क्रू नाही. सगळे सांधे खाचेत खाच बसवून. त्यानंतर त्यांचा हात थरथरायला लागला आणि एवढं मोठं काम पुन्हा झालं नाही. कपाटात एकच खोट होती: मागची फळी वरच्या बाजूला दोन बोटं तोकडी. आडवी फट राहिली होती. लग्नानंतर पहिल्याच दिवशी नव्या जावयानं, म्हणजे मिलिमीटररावांनी, ती हेरली आणि चारचौघांत म्हटलं, "बाबा, फळी दोन बोटं कमी पडली वाटतं." सासरे हसून म्हणाले, "असू दे, जावईबापू." तेव्हापासून एकतीस वर्षं घरात कुणीही नवीन आलं की मिलिमीटरराव कपाटाचं दार उघडून त्याला आतून ती फट दाखवत आणि म्हणत, "हात चांगला होता हो सासऱ्यांचा, पण मापात कच्चे." सासरे हयात असतानाही म्हणत. त्यांच्यासमोरही.

चौथ्या दिवशी सकाळी मिलिमीटररावांनी चादरी काढल्या. ड्रिलला गोल करवत लावली आणि दाराच्या वरच्या भागावर पेन्सिलीनं एकशे वीस मिलिमीटरचं सुरेख वर्तुळ काढलं. नकाशात वर्तुळ काढणं वेगळं आणि सागवानात काढणं वेगळं. करवत सरकली, अडकली, किंचाळली. पहिलं भोक बटाट्याच्या आकाराचं झालं. दुसरं पहिल्याशी जुळावं म्हणून मुद्दाम बटाट्याचं केलं. मग दोन्ही बाजूंना खाली दोन-दोन. आतून सगळीकडे आवाज शोषणारा फोम चिकटवला. ती वरची फट आली तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "बाबा, तुमची चूक आज मी दुरुस्त करतो," आणि फोमची घडी करून फट गच्च बुजवली.

मशीन आत गेलं. दार लागलं. बटण दाबलं.

काय सांगावं! त्या घुर्रर्रची कुजबुज झाली. मिलिमीटररावांचे डोळे भरून आले. त्यांनी जावयाला फोन लावला आणि फोन कपाटाला टेकवला.

"ऐकू येतंय का?"

"काहीच ऐकू येत नाहीये, बाबा."

"तेच तर!"

अर्ध्या तासानं कुजबुजही थांबली. आता तर संपूर्ण शांतता. आपलं काम इतकं सरस होईल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं. शेजारच्या मास्तरांना बोलावून आणलं. "कान लावा, लावा कान. आत अठरा पंखे फिरताहेत." मास्तरांनी कान लावला, चटकन काढला आणि चोळत म्हणाले, "कपाट गरम लागतंय हो." "काम करतंय ना ते," मिलिमीटरराव म्हणाले. मग दोघांनी त्या शांततेत बसून चहा घेतला.

चहा संपतो न संपतो तोच जावयाचा फोन आला. "बाबा, मला इथून मशीन बंद दिसतंय. मघापासूनच."

दार उघडलं तेव्हा आतून भट्टीची झळ आली. फोम वितळून थेंब थेंब गळत होता. जुन्या पॉलिशला फोड आले होते. वरचा कप्पा द्रोणासारखा वाकला होता. आणि ते बघत असतानाच, एकतीस वर्षं न हललेला डावीकडचा वरचा सांधा कट्‌ करून उघडला. तो आवाज फार मोठा नव्हता, पण मिलिमीटररावांनी सांधा दोन्ही हातांनी दाबून धरला.

जावई धावत आला. त्यानं मशीन बाहेर काढलं. सहापैकी दोन कार्डं गेली होती. कपाट थंड व्हावं म्हणून दोघांनी ते भिंतीपासून ओढून फिरवलं आणि जावयानं मागून हात घालून फटीतला फोम उपटला. वरच्या कोपऱ्यात अजून कोंडलेली गरम हवा त्या वाटेनं बाहेर पडली.

"बाबा, इथे तर कुणीतरी आधीच वाट करून ठेवली होती," तो म्हणाला.

कपाटाची पाठ एकतीस वर्षं भिंतीकडे होती. ती त्या दोघांनी आज पहिल्यांदाच पाहिली. फटीच्या कडेला रंधा मारून गोलाई दिलेली, बोट फिरवलं तर लोण्यासारखी. आणि खाली, सुताराच्या जाड पेन्सिलीनं, वर जाणारा एक बाण. बाणाशेजारी लिहिलेलं: "हवेसाठी २ बोटं. लेकीच्या कपड्यांना कुबट वास नको."

मिलिमीटररावांनी आयुष्यात हजारो बाण काढले होते. सगळे खाली जाणारे. ते तिथेच, रजयांच्या ढिगावर बसले. आपण किती जणांना ती फट दाखवली, याची मोजदाद मनात सुरू झाली, आणि मोजायची हौस असलेल्या त्या माणसाला ती पुरी करवेना.

"तुमची कार्डं..." ते कसंबसं म्हणाले.

"असू दे, बाबा," जावई म्हणाला.

तेच दोन शब्द, आणि तसंच हसून. मिलिमीटररावांना मान वर करता आली नाही.

बायको आली ती ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. तोवर त्यांनी भोकांवर एक कॅलेंडर टांगून पाहिलं होतं, मग स्वतःचीच लाज वाटून काढून ठेवलं होतं. ती खोलीत गेली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दाराच्या भोकात हात घातला, कडेची कुसळं चाचपली आणि म्हणाली, "मी रोज संध्याकाळी कंदील धरून उभी राहायचे बाबांशेजारी. लाइट जायचे तेव्हा."

"माझं चुकलं," मिलिमीटरराव म्हणाले. "सगळंच चुकलं. ती फट... ती चूक नव्हती."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं? मग एकतीस वर्षं बोलली का नाहीस?"

"लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हाच बाबांना म्हटलं होतं, एकदा सांगून टाका ना त्यांना. तर म्हणाले, 'नको. शिकलेला माणूस आहे, आपणहून कळेल. तूही सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.'" तिनं पदरानं डोळे पुसले. "शेवटच्या आजारपणातही विचारलं होतं त्यांनी मला. 'कळलं का गं जावईबापूंना?' मी म्हटलं, 'कळेल.'"

 माफी मागायची ती ज्यांची, ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या दिवशी कप मिलिमीटररावांनी कुणी न सांगता विसळले.

मशीन जावयाच्या मित्राच्या गोदामात गेलं. कपाटासाठी एक सुतार शोधून आणला. वयस्कर होता, कमी बोलणारा. त्यानं आधी पाठ बघितली, फटीच्या गोलाईवरून अंगठा फिरवला, बाण वाचला.

"कुणाचं काम?"

"माझ्या बाबांचं," बायको म्हणाली.

"जाणता माणूस. कपाटात हवा खेळली पाहिजे, एवढा विचार आता कोण करतो?" मग तो वळसा घालून पुढे आला. दारावरचे दोन बटाटे पाहिले, वाकून बाजूची भोकं पाहिली आणि चुकचुकला. "आणि हे काय? उंदीर?"

मिलिमीटरराव कोपऱ्यात उभे होते. सुताराला मदत व्हावी म्हणून त्यांनी टेप आधीच उघडून धरला होता.

"हो," बायको म्हणाली.

"बरेच झालेले दिसतात."

"नाही हो. एकच आहे."

सुतारानं भोकावर वीत ठेवून पाहिली. "मग दांडगाच असला पाहिजे. त्याचा बंदोबस्त आधी करा, बाई. मी नवी फळी बसवायची आणि तो पुन्हा यायचा, याला काही अर्थ नाही."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"बंदोबस्त होईल," ती म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

मिलिमीटररावांनी टेप गुंडाळला आणि मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवला.