डावीकडे झुकलेले मोदक

आमच्या खिडकीला निळे पडदे लागले की तिसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातल्या सुलभाकाकूंच्या खिडकीलाही निळे पडदे लागत. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "अगंबाई, माझ्याही मनात हेच होतं."

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत काकूंच्या मनात काय चाललंय हे कळायला आमच्या घरात डोकावलं की पुरे. आम्ही कुकर बदलला, त्यांनी बदलला. आईला चष्मा लागला, आठवड्यात काकूंनाही लागला. त्यांच्या काचांना नंबरच नव्हता. एकदा आईचा पाय मुरगळला आणि चौथ्या दिवसापासून काकूही लंगडू लागल्या. तेवढं मात्र मनात होतं असं त्या म्हणाल्या नाहीत.

मी भयंकर चिडायचो. आईला सांगायचो, दार लावून घेत जा. ती हो म्हणायची आणि स्वयंपाकाला लागली की दार सताड उघडं.

आईचं एक बोट लहानपणी उखळात चेंगरलं होतं, ते नीट वाकत नसे. त्यामुळे तिच्या मोदकांची नाकं डावीकडे झुकत. काकूंची दहाही बोटं धडधाकट, पण मोदक डावीकडेच. यावरून मी वर्षानुवर्षं त्यांची टिंगल केली.

यंदाचा गणपती आईशिवायचा पहिलाच. घरात मी एकटा, म्हणून मोदक विकतचे आणले. चांगले सरळ, रेखीव नाकांचे. नैवेद्य झाला, पण एक घशाखाली उतरेल तर शपथ.

तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. एकवीस मोदक, सगळे डावीकडे झुकलेले. मला भरून आलं. ते लपवायला म्हटलं, "काकू, आता तरी सरळ करायचे."

"सरळ मला येतच नाहीत रे," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा मला साधं वरण येत नव्हतं. माहेरी आई नव्हती, सासूला विचारायची भीती. तुझ्या आईच्या ते लक्षात आलं. बोलली काही नाही, फक्त दार उघडं ठेवायला लागली." मग ताट माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता बघू कुणाकडे?"

ते दार कुणासाठी उघडं असायचं हे मला पन्नाशीत कळलं. फार लाज वाटली. मोदक तोंडात घातला, तो थेट आईचाच होता.

"काकू, आज आई हवी होती," मी म्हटलं.

काकूंनी बिननंबरचा चष्मा काढून पदरानं पुसला.

"माझ्याही मनात हेच होतं."