तराजूवाल्यांच्या बिलक्रमांकांची हकीकत

श्री. एकापुढे दोन ज्याने मांडिले त्या देवास नमन करून, घडले तैसेच, पदरचे न घालिता लिहितो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध प्रतिपदेस, नदीकाठच्या एका लहान राज्यात नवी रीत सुरू जाहली. राज्य म्हणजे तराजू विकावे व दुरुस्त करावे, इतकाच कारभार. धनी रंगनाथशेट कासार, बहुत मेहनती परंतु रागास तिखट. त्यांची कन्या वैजयंतीबाई, शहरी शिकून आलेली. आणि कारभारी नरहरपंत, ज्यांनी एकतीस वर्षे त्या गादीची बिले आपल्या हाते लिहिली. एकतीस वर्षांत बिलाचा एक क्रमांक गळाला नाही की दोनदा पडला नाही, ऐसी त्यांची ख्याती. वैजयंतीबाई लहानपणी त्यांच्याच मेजाशी बसून पाढे शिकल्या, त्यांस पंतकाका म्हणत, आणि पंतांस मूलबाळ नव्हते, सबब जीव त्यांचा त्या पोरीवर फार.

तर पाडव्याचे मुहूर्ते बाईंनी संगणकात एक तक्ता सिद्ध केला. त्यात गिऱ्हाइकाचे नाव घालावे, आणि क्रमांक आपोआप उमटावा. पंतांनी चष्मा पुसून विचारिले, "वैजू, हा आकडा घालतो कोण?" बाई बोलिल्या, "कोणी नाही काका. ओळ जितकी खाली, तितका तिचा नंबर. तुम्ही फक्त छापायचं आणि द्यायचं." पंत हसले, "म्हणजे माझं एक काम कमी केलंस," म्हणाले, आणि त्या दिवसापासून निमूट छापू लागले. मग वैशाखात बिल करून ठेविलेला मोठा काटा एका मिठाईवाल्याने आषाढमासी घेतला नाही, ते बिल रद्द जाहले, आणि बाईंनी ती ओळ तक्त्यातून काढून टाकिली, आणि पुढे ही गोष्ट त्या विसरोन गेल्या.

त्याउपरी कार्तिकात एक धान्याचा व्यापारी लाल होऊन दुकानी आला आणि बिल मेजावर आपटून बोलिला, "शेट, करखात्याच्या साहेबांनी तपासणीत मला उभं केलं! माझ्या बिलाचा नंबर तुमच्या दप्तरी दुसऱ्याच्याच नावावर आहे!" मग शोध केला, तो एकशे चाळीस बिलांचे क्रमांक एकेकाने चुकलेले, गिऱ्हाइकाच्या हाती एक, दप्तरी दुसरा. शेटजींचा राग अनावर जाहला आणि कारागिरांदेखत बोलिले, "पंत, तुम्हाला आता आकडे दिसत नाहीत. मोतीबिंदू झालाय म्हणून सांगत का नाही?" पंत बोलिले, "शेटजी, आकडा मी लिहिलाच नाही. यंत्राने दिला तो छापला." शेटजी गर्जिले, "यंत्राला मोतीबिंदू होतो का? वैजू, तू सांग." बाईंनी तक्ता पाहिला. एक, दोन, तीन, ऐसा क्रम शेवटपर्यंत अखंड होता. त्यांस वाटले, काकांनी छापताना हाताने काही फिरविले असावे. बोलिल्या, "फाईलमध्ये तर सगळं बरोबर आहे, बाबा." तेव्हा पंतांनी बाईंकडे एकवार पाहिले, कपाटाची किल्ली मेजावर ठेविली, चपला घातल्या आणि गेले. बाईंच्या मनात हाक मारावी ऐसे आले. परंतु वडील समोर उभे, म्हणोन मारिली नाही.

मग माघमासी दुसरे एक बिल रद्द जाहले. या समयी बिले बाईच करीत होत्या. त्यांनी ओळ काढिली, आणि डोळ्यांदेखत खालच्या सर्व ओळी एकेक पायरी वर सरकल्या व त्यांचे क्रमांक एकेकाने घटले. तेव्हा बाईंस आषाढात काढिलेली ओळ आठवली. ओळ पुन्हा घातली, क्रमांक पूर्ववत जाहले, काढिली, पुन्हा घटले. ऐसे चार वेळा केले आणि मग तेथेच तोंडास पदर लावून बसल्या. वडिलांस वर्तमान सांगितले, तो ते म्हणाले, "ऊठ. आत्ताच जाऊ."

पंतांचे घर नदीपलीकडे. दारी त्यांच्या पत्नी गिरिजाकाकू आल्या आणि हलक्या आवाजे बोलिल्या, "बरं झालं आलात. पण जपून बोला. तेव्हापासून स्वतःवरचा भरवसाच गेलाय. गोळी घेतली का, कडी लावली का, तीन-तीनदा विचारतात. बाजारात पाठवलं तर वाटेतून परत येतात." आत पंत खुर्चीवर बसले होते, बहुत वाळले होते. शेटजींनी हात जोडिले, "पंत, चूक आमची. तुमची नव्हती." आणि बाईंनी पायाशी बसून सर्व समजाविले, ओळ कैसी काढिली, क्रमांक कैसे सरकले. पंतांनी शांतपणे ऐकिले आणि बाईंच्या डोक्यावर हात ठेविला. "गुणाची तू पहिल्यापासून. म्हाताऱ्याचं मन राखायला एवढ्या लांब आलात. पण मी पुष्कळ विचार केला, वैजू. मला आठवतंय, माझाच हात फिरला होता. एक लिहायचा तिथं सात."

"काका, तुम्ही लिहिलंच नव्हतं काही! थांबा, दाखवते," ऐसे म्हणोन बाईंनी बरोबर आणिलेला संगणक उघडला. पंतांनी तोंड फिरविले. "नको गं. त्यातलं मला आता कळायचं नाही." तेव्हा बाईंनी संगणक मिटला. चहा जाहला, आणि निरोप घेऊन दोघे उंबऱ्याशी आले, तो मागून पंतांनी काकूंस विचारिलेले बाईंच्या कानी पडले: "अगं, त्यांना चहा दिला का आपण?" पेले अजून पंतांच्या पुढ्यातच होते.

येणेप्रमाणे जाहले. बाईंनी तक्त्याचे सूत्र बदलिले. आता बिल रद्द जाहले तरी ओळ काढीत नाहीत, पुढे रद्द ऐसे लिहितात, आणि क्रमांक जागचा हलत नाही. एकशे चाळीस गिऱ्हाइकांस, चूक माझी, पंतांची नव्हे, ऐसी पत्रे आपल्या सहीने धाडिली. एकशे एकेचाळीसावे पंतांस धाडिले. त्याचे उत्तर आले नाही. लिहिण्याजोगे इतकेच.