बाळूतात्यांची कुलूपबंद खोली

आमच्या कडावातली माणसं कर्जतच्या बाजारातून सुके बोंबील आणतात, खताची गोणी आणतात, पोरांना वडापाव आणतात. बाळूतात्या इंग्रजी शब्द आणतात. तेही फक्त पैशाचे. टमटममधून उतरले की घरी जायच्या आधी माझ्या पिठाच्या गिरणीपाशी थांबतात आणि पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून ओरडतात, "सुनंदा, आज डायव्हर्सिफिकेशन आणलंय गं!"

तेवढ्यात समोरच्या ओटीवरून त्यांची बायको, आमची हिराकाकू, विचारते, "आन् बोंबील?"

"बोंबील पुढच्या क्वार्टरला."

मग तो शब्द आठवडाभर गावात फिरतो. डायव्हर्सिफिकेशनच्या आठवड्यात तात्यांनी रोज दोन भाज्या करायला लावल्या, कारण एकच भाजी म्हणजे रिस्क. गाभण म्हशीनं दूध आटवलं म्हणून काकू कुरकुरली, तर म्हणाले, "तिचा लॉक-इन पिरियड हाय. हात नाय लावायचा. मॅच्युरिटीला पारडू मिळंल." माझ्याकडून वाटीभर साखर नेली तर वाटी परत येताना साखरेवर दोन चिकू असतात.

"चिकू कशाला, तात्या?"

"इंटरेस्ट."

"आणि मला नको असले तर?"

"ऑटो-रिन्यूअल हाय. तुला इचारत नाय कोन."

हे वेड कुठून आलं? बंगल्यांच्या स्कीमवाल्यांना तात्यांनी रस्त्याकडची जमीन विकली, तेव्हा पैसे ठेवायला ते बँकेत गेले. तिथे टाय लावलेली दोन पोरं त्यांच्यासमोर बसून आपसात इंग्रजीत बोलत राहिली आणि शेवटी म्हणाली, इथे सही करा काका. तात्यांनी पेन खाली ठेवलं. "पैसं माजं, आन् त्याची गोष्ट मला सोडून सगळ्यांना कळतीय! आसं कसं चालंल?" त्या दिवसापासून दर बाजाराला ते बँकेच्या बाकावर जाऊन बसायला लागले. कामबिम काही नाही, नुसते कान उघडे. शब्द कानावर आला की समजावून घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. आता तिथला वॉचमन त्यांना चहा पाजतो. पासष्टीच्या पुढच्या माणसानं असा हट्ट धरावा, याचं मला भारी कौतुक वाटतं.

आणि या हट्टाचा फायदा अख्ख्या गावाला झाला. एकदा पैसे दुप्पट करून देणारा एक एजंट आला होता. बायका पदराची गाठ सोडायच्या बेतात होत्या. तात्यांनी त्याला गोडीत विचारलं, "एक्झिट लोड किती? रिस्क कोनाची? लिक्विडिटीचं काय?" गडी चहा अर्धा टाकून पळाला. घाईत छत्री विसरला. ती छत्री तात्या अजून वापरतात आणि तिला 'रिकव्हरी' म्हणतात.

बायकांना ते एकच सांगतात. "पैला इमर्जन्सी फंड. बरं चाललं असतानाच बाजूला काढायचा आन् इसरून जायचं. सोनं नंतर." आणि त्यांना चीड कशाची, तर आयडल ॲसेटची. घरात काही पडून राहिलेलं त्यांना खपत नाही. माझी जुनी चक्की कोपऱ्यात धूळ खात होती, तर मागे लागून लागून तिच्यावर मसाला दळायला लावला. आज माझ्या घरचा निम्मा खर्च त्या चक्कीवर निघतो.

आणि याच माणसाच्या घरात एक खोली वर्षानुवर्षं कुलपात! चांगली मागच्या अंगणाकडची, स्वतंत्र दाराची, खिडकीतून डोंगर दिसतो. काकू दर आठवड्याला ती झाडून पुसून पुन्हा कुलूप लावते. गावात घरटी होमस्टेचे बोर्ड लागलेत. तात्यांचा मुलगा दिनेश रसायनीच्या एका कंपनीत आहे. तिथला ओव्हरटाइम बंद झाला आणि त्याची ओढाताण सुरू झाली, तेव्हापासून ती खोली भाड्यानं द्यायची म्हणून तो बापाच्या मागे लागलेला. "गावाला पॅसिव्ह इन्कम शिकवता, आन् आपल्या घरात काय?" यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं. "आज मार्केट बंद हाय."

मागच्या शनिवारी दिनेशनं बापाला न विचारता मुंबईचं एक जोडपं गाडीत घालून आणलं. वर्षभर दर शनिवार-रविवार खोली हवी, ॲडव्हान्स तयार. मी तांदळाचं पीठ द्यायला गेलेली. तात्यांची मुलगी कविता खोपोलीहून दोन दिवस आली होती, ती मागच्या अंगणात वाल सोलत बसलेली. तात्या उठले आणि खोलीच्या दारात आडवे उभे राहिले.

"ही खोली नाय द्यायची."

"आवो, मंग ठेवलीय कोनासाठी?" दिनेशचा आवाज चढला.

"कवीसाठी."

कविताचा हात थांबला. "माज्यासाठी? बाबा, माजं झ्याक चाललंय की! नवरा चांगला हाय माजा."

"हायच चांगला. मी कुटं वाईट बोललो? बरं चाललंय म्हनूनच ठेवलीय. उद्या काय झालं, तर तवा इटा आनायला धावू का?"

मग तात्या खाली बघत पुढे बोलले.

"माजी आक्का आल्ती सासरहून परत. अंगावर वळ हुते. आमचा बाबा बोलला, जागा कुटं हाय, भावाचं नवं लगीन झालंय. भाव म्हंजे मी. थोडं दिस पडवीत निजली. मंग मीच तिला गाडीत बसवून दिली. बोलली, बाळू, येते रं. आली नाय. निरोपच आला."

हिराकाकूनं पदर तोंडाला लावला. त्या घरातली तेव्हाची नवी नवरी तीच. दर आठवड्याला ती खोली कशासाठी झाडते, ते मला त्या दिवशी कळलं. आणि एवढं सगळं सांगताना तात्यांच्या तोंडी बँकेतला एक शब्द आला नव्हता.

दिनेश पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "सॉरी हां. खोली बुक हाय."

"कधीपर्यंत?" त्या बाईंनी विचारलं.

"कायमची." आणि स्वतःच त्यांना गाडीपर्यंत सोडून आला. कविता पुन्हा वाल सोलायला लागली, पण सालं वालाच्या वाटीत आणि वाल सालांच्या सुपात टाकत होती.

माझं माहेर घाटावर. भावांच्या वाटण्या झाल्या, माझ्या खोलीत आता कांदे भरतात. तिकडे गेले तरी संध्याकाळची परत निघते. कुणापाशी बोलले नव्हते हे कधी. निघताना मी आपलं थट्टेत म्हटलं, "तात्या, तुमच्या या स्कीममध्ये शेजारीण बसते का हो?"

तात्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. हसले नाहीत.

"तुजं केवायसी कवाच झालंय गं. किल्ली तुळशीमागं असतीय. इचारत बसू नको."

मी कसंबसं हसले आणि गिरणीत आले. चक्कीत दाणा नव्हता, तरी पट्टा चालू केला आणि त्या आवाजात पोटभर रडून घेतलं.