जाळीखालचं पाणी

आमचा शेजारी पराते कोणाच्याही घरी गेला की आधी मोरीत शिरतो. नमस्कार, चहा सारं मागून. तांब्याभर पाणी जाळीत ओततो, वाकून कान लावतो, अन् बाहेर येऊन विचारतो, "बाकी कसं काय?"

जन्मभर अणुवीजघरात नोकरी केली त्यानं. आम्हाला वाटे मोठा साहेब असंल. तो म्हणे, "नाही गा. मी मोऱ्या पाहत होतो." तिथल्या मोऱ्यांतून विषारी हवा वर येऊ नये म्हणून जाळीखालच्या वाकड्या पाईपात कायम पाणी ठेवायचं अन् दारावरच्या कार्डावर सही करायची. "पाणी आटलं का हवा वर आली समज," हा त्याचा जप.

भाचीच्या लग्नाच्या बस्त्याला, कापडं घ्यायला, सीताबर्डीत गेलो, तर हा थेट दुकानाच्या मोरीत. मालकानं मागं नोकर धाडला. नोकर परत आला तो हातात तांब्या घेऊन.

आमचं वाजलं ते मागच्या मोरीवरून. बायको गेली तेव्हापासून मी ती बंदच ठेवली होती. जाळीवर तिनं पालथा घातलेला मग, साबणाची वडी, दोरीवरचा टॉवेल, सारं तसंच. मे महिन्यात घरभर घाण वास सुटला. पराते दारात हजर.

"मोरी उघड गा. पाणी आटलं."

"माझी मोरी हाय. सडू दे."

"काहून सडू देतं?"

"चालता हो."

पुढं मी महिनाभर उमरेडला पोरीकडे गेलो. चावी द्यायला दुसरं होतं कोण?

"झाडाले पाणी टाक. मोरीले हात लावशील तर याद राख."

परत आलो, दार उघडलं, तर वास नाही. माझं डोकं फिरलं. तोंडात शिव्या घेऊन मोरीचं दार ढकललं.

तिचा मग जाळीवर पालथाच होता. त्याच्याभोवती खडूनं गोल काढलेला. साबणाभोवती चौकोन. टॉवेलच्या दोन्ही टोकांशी दोरीवर खुणा. उचललेली वस्तू होती तिथंच ठेवायची, ही त्याची वीजघरातली सवय.

दारामागं कार्ड टांगलेलं. रोजची सही, अन् दर सहीपुढं एकच ओळ: "पाणी टाकलं. वहिनीचं सामान जागेवर."

बाहेर आलो तर पराते कुंपणाशी उभा, मान खाली.

"झाडं वाळली गा," तो म्हणाला. "पाणी टाकाचं राहूनच गेलं."

"वाळू दे," म्हटलं. "आधी मोरी पाहून ये. मी चहा ठेवतो."